बिनगळाचे चमचे

माझ्या घरातले सगळे चमचे संपवून गेलेल्या माणसाला आज वर्ष झालं.

मी रडत न्हाईये. मला राग आलाय. सकाळपासून डोकं नुसतं तापलंय.

आमच्या थोरल्या भाऊजींनी, म्हणजे ह्यांच्या सख्ख्या भावानं, पहाटेच फोटो टाकलाय. हार घातलेला. खाली लिहिलंय, "मुक्या जीवांवर प्रेम करणारा माझा लाडका भाऊ."

लाडका?

भाऊजी, तुमी माझ्या फ्रेंड लिस्टमधी आहात. हे वाचा. पूर्ण वाचा.

ज्यांना माहीत न्हाई त्यांच्यासाठी सांगते. दिंद्रुडला आमचं भांड्याचं दुकान. घरात अंडंसुद्धा येत न्हाई. असल्या घरातला माणूस एकदा शब्बीरभाईंबरोबर धरणावर गेला. शब्बीरभाई म्हणजे ह्यांचे शाळेपासूनचे दोस्त, मोटारी दुरुस्त करतात. ते गळ टाकून बसलेले, हे काठावर डबा धूत होते. हातातून चमचा निसटला.

डुलत डुलत खाली गेला आन् एक मासा झपकन् येऊन त्याला धडकला.

झालं. तिथून हा माणूस कामातून गेला.

चमच्याची दांडी कापायची, पुढचा खोलगट भाग ठोकायचा, कानशीनं घासायचा, भोक पाडून दोरा बांधायचा. मग अंगणातल्या हौदात इकडून तिकडं ओढत बसायचं. जास्त वाकवला की गरगर फिरायचा. कमी वाकवला की सरळसोट यायचा. ह्यांना दोन्ही नको होतं. जमला की शब्बीरभाईंबरोबर धरणावर पळायचं.

"अगं, सरळ पळणाऱ्याला मासा इचारत न्हाई. जरा दुखल्यावानी चाललं पाहिजे. हे बघ, असं."

आणि हा पन्नाशीचा गडी अंगणात लंगडत चालून दाखवायचा.

शेजारणीनं एकदा भिंतीवरून विचारलं, "भाऊंच्या पायाला काय झालं ओ?"

मी म्हणलं, "पायाला न्हाई, डोक्याला."

दुकान चमच्यांनी भरलेलं. पण ते पातळ म्हणे, पाण्यात नीट डुलत न्हाईत. माझ्या माहेरच्या चमच्यांना वजन! एकेक करून सगळे गेले. पाहुण्यांना पोहे द्यायचे तर शेजारून चमचे मागून आणायची वेळ आली. भांड्याच्या दुकानदाराच्या बायकोवर!

लई भांडले मी. पण ते माझं भांडण होतं. घरातलं.

भाऊजी, तुमी काय केलं?

"आमचा भाऊ मासे मारतो" म्हणून गावभर केलं. आमच्या घरचं पाणी सोडलं. पुतणीच्या लग्नात ह्यांना पंगतीत बसू दिलं न्हाई, कोपऱ्यात वेगळं ताट वाढलं. हे मुकाट जेवले आणि घरी येऊन म्हणतात, बुंदी झकास झालती.

मी म्हणलं, "तुमी आयुष्यात एक तरी मासा मारलाय का? मग सांगत कावून न्हाई त्यांना?"

"कुनी इचारलंय का मला?"

ह्या उत्तराचा मला आजपण राग येतो. अहो, न विचारता सांगायचं असतं काही! देवानं तोंड कशाला दिलं?

मागच्या वर्षी दुकानात बसल्या जागी गेले. छातीत कळ आली आणि संपलं.

आमच्या लिंगायतांत पुरतात. बसवून, गळ्यातलं लिंग हातात देऊन. अंगणात ह्यांना बसवलेलं, कपाळाला भस्म लावलेलं, सगळा गाव जमलेला. आणि भाऊजी चारचौघांत म्हणाले, "मासे मारल्याल्या हातात लिंग द्यायचं का, जरा इचार करा."

माझं रडणंच थांबलं.

मी आत गेले, ह्यांची पिशवी आणली आणि सगळे चमचे भाऊजींच्या पायापाशी ओतले.

"हुडका. ह्यात एक गळ दावा. एक दावा, मग तुमी म्हणाल तसं करू."

कुणी खाली वाकलं न्हाई.

दाराशी शब्बीरभाई उभे होते. तेच बोलले. "मी लई मागं लागलतो. गळ लावून देतो म्हणलं की चमचा खिशात घालायचे. म्हणायचे, मासा फसला पाहिजे बे, त्याला मारायचं काय काम?"

मग लिंग हातात दिलं. माझ्या पोरीनं दिलं.

भाऊजी, तुमी तेव्हा खाली बघत होता. माफी मागितली न्हाई. वर्षभरात मागितली न्हाई. आणि आज डायरेक्ट "मुक्या जीवांवर प्रेम"? लाईक मोजत बसलाय?

तुमच्यासाठी ह्यांनी दुकानातला नवा तांब्या घरी आणून ठेवला होता. दर दिवाळीला घासायचे. "दादा आला तर जुन्यात पाणी नको द्यायला." तो तांब्या अजून फळीवर हाय. एकदासुद्धा वापरला न्हाई कुणी.

ती पोस्ट काढा. न्हाईतर आज घरी या, सगळ्यांसमोर त्या तांब्यानं पाणी प्या आणि मग लिहा, लाडका भाऊ.

अहो, आता तुमच्यासाठी.

सकाळी मी, पोरगी आणि शब्बीरभाई धरणावर गेलतो. तुमी जायच्या आधी जो चमचा वाकवून ठेवला होता, पाण्यात कधी गेलाच न्हाई, तो नेला. पोरीनं लांब फेकला आणि हळूहळू ओढला.

लंगडत आला, अहो. तुमी अंगणात चालायचा तसाच.

मागून एक भली मोठी सावली आली, धाडकन् धडकली. दोरा ताणला. सुटला. मासा गेला त्याच्या वाटेनं.

चालला तुमचा चमचा.

माझे चमचे तुमाला माफ. भाऊजींचं मी बघून घेते.

तुमी निवांत जावा.