फरशीवरची चिकटपट्टी

मुलांच्या वॉर्डच्या मोठ्या सिस्टर अठ्ठावीस वर्षांत एकाही पोराशी खोटं बोलल्या नव्हत्या. "मुळीच दुखणार नाही हं," म्हणणाऱ्या नव्या डॉक्टरला त्या पोरासमोरच फैलावर घेत, म्हणून पाठीमागे सगळे त्यांना फौजदार म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

चार नंबरच्या खाटेवर अडीच वर्षांची मुलगी होती. मांडीचं हाड मोडलेलं, पाय वजन लावून टांगलेला. घरी तिचा तान्हा भाऊ. त्याला पाजायला आई रोज दुपारी, ही झोपली की हळूच सटकायची. एकदा मुलगी मध्येच जागी झाली आणि तेव्हापासून तिने झोपेचा धसकाच घेतला. आईची बाही मुठीत घट्ट, डोळे टक्क उघडे. तीन दिवसांत खाणंही सुटलं. असं चाललं तर हाड जुळणार कशाच्या जोरावर, असं डॉक्टर म्हणाले.

"चोरून जाणं बंद. सांगून जायचं," सिस्टरनी आईला सुनावलं.

"आकांत करेल हो ती."

"करू दे. या वयात पोरांना एकच बघायचं असतं, मोठी माणसं बोलतात तशी वागतात का."

एवढ्याशा पोरीला घड्याळ काय कळणार? सिस्टरनी फरशीवर चिकटपट्टीचा तुकडा लावला. खिडकीतलं ऊन पट्टीला टेकलं की आई येणार. पहिल्या दिवशी पोरीने वॉर्ड डोक्यावर घेतला. ऊन टेकलं, आई आली. दुसऱ्या दिवशीही आली.

तिसऱ्या दिवशी ऊन पट्टी ओलांडून पुढे गेलं तरी दार रिकामंच. पोरीची नजर दाराकडे वळली होती. पट्टी वीतभर पुढे सरकवली असती तर कुणाला कळलंही नसतं. सिस्टर स्टूल ओढून खाटेजवळ बसल्या.

"आईला उशीर झालाय. का ते मला माहीत नाही. ती येईपर्यंत मी इथून उठत नाही."

आई धापा टाकत आली. "चुकलं माझं," ती लेकीला म्हणाली. लेकीने तिला दोन चापट्या मारल्या आणि मग तिच्याच हातून पोटभर खाल्लं.

चौथ्या दिवशी आईचाच पाय निघेना. दारापर्यंत जायची, परत मागे बघायची.

"जा ना," पोरगी वैतागून म्हणाली. "बाळ रडतं."

सिस्टर औषधं वाटून परतल्या तेव्हा ऊन पट्टीपासून अजून चांगलं हातभर लांब होतं. पोरगी गाढ झोपली होती, मूठ उघडी टाकून.