पिवळा लोकरी चेंडू
कपाट आवरताना बॉल बॅडमिंटनचा पिवळा लोकरी चेंडू सापडला आणि नव्वदच्या दशकातलं आमचं राजाजीनगर आठवलं. गुडघ्यामुळे वडिलांचा, आमच्या अण्णांचा, पहाटेचा खेळ बंद झाला. खेळानंतरचा लोणी-डोसा चालूच राहिला. पोट सुटलं, साखर वाढली. "डोसा तोच, मग आत्ताच कसं?" अण्णांनी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "खेळताना स्नायू साखर ओढून घ्यायचे. आता शरीर इन्सुलिनला दाद देत नाही. धावू नका, पण स्वल्प, थोडं तरी, चाला." अण्णा कुठले चालायला! स्कूटरवरून मैदानावर जाऊन नुसते बघत बसायचे. मग दोस्तांचे फटके सारखे बाहेर जायला लागले आणि अण्णा कुरकुरत चेंडू आणून द्यायला लागले. घरी येऊन म्हणायचे, "माझ्याशिवाय एकाचाही नेम लागत नाही." आज माझीही साखर वाढलीय, पण मुद्दाम चेंडू बाहेर मारणारं कोणी नाही.