हिरव्या मातीतला हात

साताऱ्यात आमच्या नेमबाजीच्या क्लबाकडे एअर पिस्तूल एकच होतं आणि ते चालवणारे आम्ही दोघं. एक मी, कचेरीतला कारकून, आणि दुसऱ्या म्हणजे एका प्राथमिक शाळेतल्या बाई. एका तालमीमागची लांबट खोली आम्हाला मिळाली होती. तिथे संध्याकाळी आणि रविवारी सकाळी आम्ही आळीपाळीने छर्रे मारायचो. नव्वदच्या दशकातली, माझ्या तिशीतली ही गोष्ट आहे. ती मी आजवर कुणाला पूर्ण सांगितलेली नाही.

पिस्तूल परदेशी होतं. त्याची लाकडी मूठ तिकडच्या एखाद्या दांडग्या पंजासाठी कोरलेली. ज्यांनी कधी नेम धरलेला नाही त्यांना वाटतं, सगळं डोळ्यावर असतं. पण मूठ हातात नीट बसली नाही तर मनगट दर वेळी जरासं वेगळं वळतं आणि दहा मीटरवर तेवढ्याने नेम जातो. मला ती मूठ थोडी सैल व्हायची. सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून मी भागवत होतो. बाईंचा हात मात्र लहान. मनगट पिळल्याशिवाय त्यांचं बोट चापापर्यंत पोचतच नव्हतं. अर्ध्या तासाने त्या हात झटकत बाकावर बसायच्या.

घरी त्यांचं लहान मूल होतं आणि त्याला सासूबाई सांभाळायच्या. यंदाच्या निवड चाचणीत पात्रतेचे गुण पडले नाहीत तर पिस्तूल सोडायचं, असा शब्द बाईंनी त्यांना दिला होता. म्हणून क्लबाने ठरवलं की एक नवी मूठ करून घ्यायची, ती बाईंच्या मापाची.

सांगलीजवळ कुपवाडला एक वयस्कर कारागीर होते. ओतकामाच्या कारखान्यांना आधी यंत्राच्या भागाचा हुबेहूब लाकडी नमुना लागतो, ते नमुने ते कोरत. सगळे त्यांना चाचा म्हणत. बाईंना शाळेतून रजा मिळेना, म्हणून त्यांनी हस्तकलेच्या कपाटातली हिरवी माती एका लाकडी तुकड्यावर थापली, ती मुठीत दाबून हाताचा ठसा घेतला आणि बिस्किटाच्या डब्यात घालून माझ्याकडे दिला. पिस्तूल आणि डबा घेऊन मी एसटीने निघालो.

डबा मी खिडकीशी ठेवला होता, उन्हात. चाचांनी झाकण उघडून ठसा हातावर घेतला.

“साहेब, अंगठ्याकडची बाजू बसलीया. उन्हात व्हता काय ह्यो?”

“खिडकीशी होता.”

“पण चार बोटं झकास हायती. जमवतो मी.”

“जमेल?”

“आवं, न बघितलेल्या पंपाचं पोट कोरतोय मी. ह्यो तर माणसाचा हात हाय.”

मी तेव्हा गप्प बसलो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती. माझे गुण दोन वर्षं एकाच जागी अडकले होते. बाईंशी माझी स्पर्धाही नव्हती. पुरुषांचा गट वेगळा, स्त्रियांचा वेगळा. तरी समोर चाचांनी मुठीसाठी काढलेला शिसवीचा घोटीव तुकडा दिसला आणि मी उजवा हात पुढे केला.

“कशाला खटपट करता, चाचा? माझाच हात घ्या.”

“हात कुणाचा त्ये तुमी ठरवायचं,” ते म्हणाले आणि त्यांनी कानावरची पेन्सिल काढली.

परत आल्यावर मी बाईंना सांगितलं, ठसा वाटेत बिघडला; फेरी फुकट जाऊ नये म्हणून माझ्या मापाची मूठ करायला टाकली, तुमची पुढच्या खेपेला करू.

“असू दे दादा,” त्या म्हणाल्या. “माझंच चुकलं. माती जरा घट्ट होऊ द्यायला हवी होती.”

चाचणीत नव्या मुठीवर मला तोवरचे सगळ्यांत जास्त गुण पडले. जुन्या मुठीवर बाईंना दोन गुण कमी पडले. त्यांनी निकालाचा कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी कंदी पेढे आणले.

शब्दाप्रमाणे बाईंचं पिस्तूल सुटलं असतं, पण सासूबाईच म्हणाल्या, “हात वाकडा करून मारतीस, मग कसं लागंल? आधी मूठ करून आण. आणि एक वरीस बघू.” बाईंनीच हे हसत हसत मला सांगितलं आणि विचारलं, सुट्टी लागली की कुपवाडला माझ्याबरोबर याल का? नाही म्हणायला माझ्याकडे कारण नव्हतं.

कऱ्हाड येईपर्यंत सांगून टाकायचं असं मी ठरवलं होतं. मग म्हटलं, इस्लामपूरला सांगू. इस्लामपूर स्टँडवर बाईंनी भुईमुगाच्या शेंगा घेतल्या आणि पुडी माझ्यापुढे धरली. मी शेंगा खाल्ल्या.

कारखान्यात चाचांनी बाईंच्या हाताकडे एकदा पाहिलं, पट्टी घेतलीच नाही. स्टुलावर चढून त्यांनी फळीवरचा बिस्किटाचा डबा खाली काढला. हिरव्या मातीला अंगठ्याच्या बाजूने, लाकडाच्या भेगा बुजवायची तपकिरी लांबी भरलेली होती.

“धरा बघू, ताई.”

बाईंनी धरलं. पाची बोटं जागच्या जागी गेली.

“आमच्यात साचा टाकून देत न्हाईत,” चाचा खुशीत म्हणाले. “धा वर्सांनी गिऱ्हाईक येतंय आन् मागतंय. अंगठा म्या त्याच दिशी जेवणाच्या सुट्टीत भरला. साहेबास्नी म्हनलंच व्हतं, जमतंय म्हणून.”

मग त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि पटाशीला धार लावायला घेतली.

मी म्हणालो, “बाई, चाचा हो म्हणाले होते. मीच माझा हात दिला.”

त्यांनी ठसा हातातून सोडला नाही. “एकच बाजू बिघडली होती?”

“एकच.”

“बाकीच्या चार बोटांच्या मापावर मला चाललं असतं,” त्या म्हणाल्या.

मी पिस्तुलाची माझी मूठ काढून बाकावर ठेवली. म्हटलं, हीच घासून त्यांच्या मापाची करा. चाचा म्हणाले, “घासली की तुमच्या कामाची न्हाई राहायची.” मी म्हणालो, चालेल. मला ते फार मनापासून हवं होतं. आता वाटतं, बाईंच्यापेक्षा माझ्यासाठीच हवं होतं.

“नको,” बाई म्हणाल्या. “तुमची राहू द्या. माझी नवी करा, चाचा. किती दिवस लागतील?”

नवी मूठ आणायला त्या एकट्या गेल्या. पुढच्या वर्षी त्यांना पात्रतेपेक्षा सहा गुण जास्त पडले. आम्ही त्याच खोलीत सराव करत राहिलो. माझी पाळी संपली की मी माझी मूठ काढायचो आणि त्या आपली बसवायच्या. मला दादा म्हणणंही त्यांनी सोडलं नाही. पण सांगलीला एखादा अर्ज द्यायचा असला, छर्ऱ्यांची डबी आणायची असली, तरी त्या स्वतः रजा काढून जायच्या, मी त्याच दिवशी तिकडे निघालो आहे हे माहीत असलं तरी.