मावशींची हरकत

मागच्या मंगळवारी शाळेतून अर्धी रजा काढली आणि स्कूटीवर कळंबहून थेट गाव गाठलं. ईटच्या जवळच आमचं गाव... डोक्यात एकच होतं, आज मावशींना सोडायचं नाही.

मावशी म्हणजे माझ्या वडिलांची दुसरी बायको. आई गेली तेव्हा मी अकरावीत होते, दादा कॉलेजात. दोन वर्षांनी त्या घरात आल्या. आम्ही त्यांना मावशीच म्हणत राहिलो आणि अहोजाहो करत राहिलो... बावीस वर्षं.

पाच महिन्यांपूर्वी अण्णा, म्हणजे वडील गेले. मागं सहा एकर रान आणि एक विहीर. वारसनोंदीचं सगळं दादा बघणार होता. तो पुण्याहून येऊन तलाठ्याकडं अर्जही देऊन गेला. मला वाटलं, बरं झालं, माझी धावपळ वाचली.

मग दादाचे फोन सुरू झाले. मावशींचा भाऊ जळकोटहून दोनदा येऊन गेला म्हणे, अण्णांच्या कपाटाला नवं कुलूप लागलं म्हणे... मीही मनात एकेक गोष्ट जुळवत गेले. चौदाव्याला मी स्वयंपाकघरात शिरले की मावशींचं बोलणं थांबायचं, तेही आठवलं.

त्यात एक दिवस खुद्द मावशींचा फोन. माझ्या आधार कार्डाची झेरॉक्स हवी होती. कशाला, ते काही नीट सांगेनात. दादा म्हणाला, अजिबात देऊ नकोस, तुझ्या नावानं काहीतरी करून घेतील. मी दिली नाहीच, वर त्यांचे फोन उचलणंही बंद केलं.

आणि सोमवारी कळलं की मावशींनी वारसनोंदीवर हरकत घेतलीय. नोंद अडकली होती. दादा फोनवर म्हणाला, "बघ, मी म्हणत नव्हतो?"

म्हणून मंगळवारी घरी न जाता आधी तलाठी ऑफिसात गेले. मी मयताची मुलगी, हरकतीचा कागद बघायचाय, असं तलाठी भाऊसाहेबांना सांगितलं. त्यांनी जरा वेगळ्याच नजरेनं माझ्याकडं बघितलं. "म्हणजे त्या तुम्हीच?" म्हणाले. मावशींनी इथं काय काय सांगून ठेवलंय, कोण जाणे... त्यांनी फाईल पुढं सरकवली.

साधा रेघांचा कागद, खाली मावशींची अडखळती सही. मयतास पत्नी, एक मुलगा व एक विवाहित मुलगी असे तीन वारस असून मुलाने अर्जात स्वतःचेच नाव दिले आहे. मुलीचे व माझे नाव घेतल्याशिवाय नोंद करू नये.

त्याखाली दादाचा अर्ज होता. वारसांच्या रकान्यात एकच नाव. मी तो तीनदा वाचला...

घरी गेले तेव्हा मावशी अंगणात ज्वारी निवडत होत्या. मी एवढंच विचारलं, मला आधी का नाही सांगितलं?

त्यांनी सूप खाली ठेवलं. "काय सांगू? तुमी दोघं एका आईची. तुझा भाऊ तुझं नाव गाळतोय म्हणलं असतं, तर तू माझं ऐकलं असतंस व्हय?"

मग त्यांनी एकेक सांगितलं. झेरॉक्स हरकतीला जोडायला हवी होती. जळकोटचा भाऊ अर्ज लिहून द्यायला आला होता. आणि कुलूप लावलं, कारण त्या रानात गेल्या असताना दादानं कपाट उचकलं होतं.

थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "आन् माझा हिस्सा बी सोडणार न्हाय. बावीस वर्सं त्या रानात खुरपलंय म्या."

खरं सांगते, तेव्हाही मनात आलंच... दोघी असलो तर पारडं जड होतं, म्हणून तर माझं नाव घातलं नसेल? असेलही. पण ते नाव त्यांनी घातलं आणि माझ्या सख्ख्या भावानं गाळलं, हे काही बदलत नाही.

संध्याकाळी दादाला फोन केला. तो म्हणाला, तुला नंतर देणारच होतो. मी फोन ठेवला.

पुढच्या आठवड्यात सुनावणी आहे. मावशी आणि मी एकाच गाडीवर जाणार आहोत. बावीस वर्षं मी ज्यांच्यावर नजर ठेवली, त्या मला न सांगता माझ्यासाठी भांडत होत्या... मावशी फेसबुकवर नाहीत. त्यामुळं जे इथं लिहिणं सोपं गेलं, ते शनिवारी जाऊन त्यांच्यासमोर बसून बोलायचंय.