पडद्यासमोरचा सुरंगीचा वळेसर

पेडण्याच्या बाजारात सुरंगीच्या फुलांचे वळेसर, म्हणजे गुंफलेल्या माळा, आले, की त्या वासासरशी मी बेंगळुरूच्या एका छोट्या थिएटरात जाऊन बसतो. तिथे समलिंगी प्रेमावरच्या सिनेमांचा महोत्सव होता आणि एका सिनेमात आमचा मुलगा निखिल नायकाच्या भूमिकेत होता. सकाळभर त्याने मला हौसेने शहर दाखवलं. मी मात्र चावणाऱ्या नव्या बुटांकडेच बघत फिरलो. स्वतःबद्दल त्याने घरी सांगितल्याला जेमतेम वर्ष झालं होतं. आत शिरताना तो एवढंच म्हणाला, "बाबा, मधीच उठान जाव नका हां."

पडद्यावर निखिलने दुसऱ्या मुलाचा हात धरून "हा माझा" म्हटलं आणि मी उठलोच. आमच्या गावात नाटकाचा प्रवेश रंगला, की प्रेक्षक तिथल्या तिथे रंगमंचावर चढून नटाला हार घालतो. गावाहून निघताना बायकोने निखिलसाठी दिलेला वळेसर घेऊन मी ऐटीत पुढे गेलो खरा, पण पडद्याला गळा कुठला? माझीच सावली त्या दोघांवर पडली.

मागे वळलो, तर निखिल मान खाली घालून बसलेला. त्याला वाटलं, बाबा निघाले.

"अरे, मान वर कर रे! हार कोणाक घालू?" मी ओरडलो.

थिएटर हसलं, मग टाळ्या पडल्या. तेव्हा मी ओशाळलो होतो; आता पाहुण्यांना ही गोष्ट मीच रंगवून सांगतो. निखिलने मान वर केली, ती अजून तशीच आहे.