धुरीवर काढलेला राग

औंधच्या डोंगराखालच्या एका छोट्या दवाखान्यात मी डॉक्टर म्हणून रुजू झाले, तेव्हा बहात्तरचा दुष्काळ सरून वर्ष झालं होतं. वय सव्वीस आणि तोंडाचा पट्टा अखंड सुरू. माझा सगळ्यात मोठा राग धुरीवर. न्हाणं झालं की निखाऱ्यावर ओवा-शेपा टाकायच्या आणि बाळ-बाळंतिणीला त्या धुरावर धरायचं, ही तिथली घरोघरची रीत. कुठलंही तान्हं खोकलं की मी आधी धुरीचा उद्धार करायची.

एक दिवस एक पहिलटकरीण पोर आईबरोबर तान्हं घेऊन आली. माहेरी बाळंत झालेली, जेमतेम अठराची, नवरा मिलिट्रीत. मुलगा वीस दिवसांचा. भरभर श्वास घेत होता, दूध ओढताना मध्येच थांबत होता. तिच्या लुगड्याला धुराचा वास येत होता. मला तेवढं पुरलं.

"किती वेळा सांगायचं गं तुम्हाला? कोवळ्या जिवाच्या नाकातोंडात धूर कोंबता!"

"पर बाई..." ती म्हणाली.

"पर नाही नि बिर नाही. धुरी बंद म्हणजे बंद."

शेजारी तिची आई होती, ती खाली मान घालून उभी राहिली. मी खोकल्याचं औषध देऊन त्यांना वाटेला लावलं. आठवड्यानं त्या परत आल्या, तेव्हा पुन्हा झाडलं.

तिसऱ्या खेपेला मात्र बाळाची छाती उघडी करून नीट पाहिली. डावी बाजू उजवीपेक्षा वर आली होती. तिथे नळी लावली तर श्वास ऐकूच येईना, आणि हृदयाचे ठोके पार उजवीकडे सरकलेले.

त्याच दिवशी जीपनं त्यांना घेऊन सांगलीला गेले. तिथले सर्जन माझे शिक्षक. एक्स-रेची ओली फिल्म त्यांनी खिडकीशी धरली. डावीकडे सगळं काळं होतं. फुफ्फुसाबाहेर हवा साठली असणार, सुईनं काढून टाकू, असं मी घाईनं बोलून गेले.

"सुई घातलीस तर मारशील त्याला," सर म्हणाले. "नीट बघ. काळ्यात बारीक रेषा आहेत. हे फुफ्फुसच आहे. वरचा भाग जन्मतःच बिघडलेला. हवा आत जाते, पण बाहेर पडत नाही. बाकीचं सगळं त्याच्याखाली चेंगरलंय."

दुपारी ऑपरेशन झालं. तो भाग कापून ट्रेमध्ये ठेवला तरी फुगलेलाच राहिला. उरलेलं फुफ्फुस हळूहळू उघडलं आणि बाळाचे ओठ गुलाबी झाले. मास्कच्या आड मी वेड्यासारखी हसत होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाळ गेलं. चेंगरलेल्या भागात आधीच निमोनिया धरला होता. "पंधरा दिवस आधी यायला हवं होतं," सर एवढंच म्हणाले. कोणी आणायला हवं होतं, ते त्यांनी विचारलं नाही.

महिनाभर मला अन्न गोड लागलं नाही. आपल्या धुरीनं लेकरू गेलं, असं ती पोर जन्मभर समजत राहील. निदान तेवढं ओझं तरी आपण उतरवावं, म्हणून मी तिच्या घरी गेले. ती सोप्यात शेंगा फोडत बसली होती. उगाच पान्हा फुटू नये म्हणून छाती फडक्यानं घट्ट बांधलेली.

"त्याचं दुखणं जन्मतःच होतं," मी म्हणाले. "धुरीनं काही झालं नाही. तुझा दोष नाही गं."

"मला ठावं हाय की, बाई. त्येला धुरी देतच न्हवते. पयल्या दिशी धरला तर लय ठसाकला, निळा पडला. तवापास्नं आयेसंगं भांडून मी एकटीच धुरी घ्यायची."

पहिल्याच दिवशी निळा पडला होता. एवढं एक वाक्य कानावर आलं असतं तर मी विसाव्या दिवशीच सांगलीची वाट धरली असती.

"अगं, मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगत व्हते. तुमी बोलूच दिलं न्हाई."

ती रागानं बोलली नाही. मला रडू फुटलं तशी शेंगांची पाटी बाजूला सारून जवळ आली आणि माझ्या पाठीवरनं हात फिरवू लागली. तो हात मला सोसवेना. तिनं मला चार शिव्या घालायला हव्या होत्या.