येसूबाईची टहाळं

तिकोणा पेठेतल्या येसूबाईचा विश्वास तसा फार थोड्या गोष्टींवर. विळ्याच्या धारेवर होता, म्हशीवर होता. फुकटचा चहा पाजणाऱ्यावर मुळीच नव्हता. पन्नास वर्षांपूर्वी लग्न होऊन ती इथं आली, तेव्हापासून तिचं एक काम कधी चुकलं नाही. थंडीत डोंगरावर जाऊन ऐनाची टहाळं, म्हणजे पानांसकट डहाळ्या, उतरवायची, वाळवायची, उन्हाळ्यात वाफ्यावर पसरून राब भाजायचा आणि त्या राखेत भाताचं रोप टाकायचं. नवरा गेला त्या वर्षीही तिनं राब भाजला होता.

म्हणून पुण्याच्या कुठल्याशा संस्थेनं रानाबद्दल गावाचं मत विचारायला देवळात बैठक बोलावली, तेव्हा ती मुद्दाम पुढं जाऊन बसली. संस्थेच्या प्रेरणा मॅडम गोड बोलत होत्या. रान राखलं की हवेतला कार्बन झाडांत साठतो, त्याबद्दल बाहेरच्या कंपन्या गावाला पैसे देतात. गावानं फक्त झाडं तोडायची नाहीत. सगळ्यांनी माना डोलावल्या. टहाळं काढण्याला मावळात झाड तोडणं म्हणतं कोण? येसूबाईला मात्र तिथंच खटकलं.

"मॅडम, राबाला टहाळं काढल्याली चालत्याल का?"

"मावशी, फांदी तोडली तरी कार्बन कमी होतो. पण त्यावर आपण नंतर बोलू."

"नंतर म्हंजी कवा? राब न्हाई तर रोप न्हाई. मग आमी खायाचं काय?"

मॅडम कागद चाळू लागल्या. कुठंतरी पाणी मुरतंय हे येसूबाईनं ओळखलं. ती उठली आणि गावाकडं तोंड करून म्हणाली, "ज्याला ज्याला टहाळं पायजेत, त्यानं हात वर करा."

झाडून सगळे हात वर झाले. संस्थेच्या माणसानं फोटो काढले. "नोंद घेतली हं," मॅडम म्हणाल्या. येसूबाई घरी आली ती खुशीत.

दोन महिन्यांनी ग्रामपंचायतीतला निलेश संस्थेची छापील पुस्तिका घेऊन आला. वर त्याच बैठकीचा फोटो होता.

"खाली काय लिवलंय रं?"

निलेशनं चाचरत वाचलं, "वृक्षतोड पूर्ण बंद करायला ग्रामस्थांचा एकमतानं पाठिंबा."

येसूबाईनं पुस्तिका डोळ्यांजवळ धरली. तिला स्वतःचीच चीड आली. सगळ्यांच्या पुढं, सगळ्यांत उंच, तिचाच हात होता.